‘पिशवीला सूज’ म्हणजे नेमके काय?

आपल्या सीमाभागातल्या घरांत बायकांच्या दुखण्याला तीन भाषा लागतात. पोटात कळ येते ती मराठीत किंवा कन्नडात. डॉक्टरांना ती सांगितली जाते अर्धी या भाषेत, अर्धी त्या भाषेत. आणि शेवटी हातात पडतो तो सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र अस्सल इंग्रजीत. त्यातले दोनच शब्द घरापर्यंत पोचतात, ‘बल्की युटेरस’. दारात चपला काढेपर्यंत त्याचे ‘पिशवीला सूज आली’ असे भाषांतर झालेले असते, कन्नड नातेवाइकांत ‘गर्भकोश बातैति’ होते, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी म्हणते, ‘मुलं झाली ना तुझी? मग काढून टाक की!’

मी काही डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवते. शब्दाचा अर्थ काय आणि लोक त्याचा काय अर्थ लावतात, हे पाहण्याची खोड व्यवसायानेच लागलेली. ‘बल्की’ या शब्दाचा अर्थ फक्त ‘आकाराने मोठे’ एवढाच आहे. ते रोगाचे नाव नाही. बाळंतपणे झालेल्या बाईचे गर्भाशय थोडे मोठे असतेच. साधारण सात-आठ सेंटिमीटर लांबीचा हा अवयव एक-दोन सेंटिमीटरने वाढला, तर त्यात घाबरण्यासारखे काही असेलच असे नाही. पण ते का वाढले, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. त्याच्या उत्तरांपैकी एक, आपल्याकडे अगदी कमी माहीत असलेले, म्हणजे अ‍ॅडेनोमायोसिस.

हे नाव आमच्या घरात आले ते २०२१ साली. माझ्या थोरल्या जाऊबाई गोकाकच्या. माहेर पूर्ण कन्नड, सासर मराठी. त्यांना घरात सगळेच अक्का म्हणतात. वय तेव्हा ४३, दोन मुले, दोन्ही सिझेरियन. दोन-तीन वर्षांपासून त्यांची पाळी नऊ-नऊ दिवस चालायची, गाठी पडायच्या, आणि आदल्या दिवसापासून कंबर अशी धरायची की भाकरी थापायला बसणेही नको व्हायचे. ‘होट्टे नोवु यारिगिल्ल?’ म्हणजे पोटदुखी कोणाला नसते, असे म्हणत त्यांनी ती अंगावर काढली. हिमोग्लोबिन आठच्या खाली गेले, तेव्हा त्या दवाखान्यात गेल्या. पोटावरून सोनोग्राफी झाली, रिपोर्टात ‘बल्की युटेरस’ आणि पुढे प्रश्नचिन्ह घालून ‘फायब्रॉइड’ असे लिहून आले. लगेच शस्त्रक्रियेची तारीख सुचवण्यात आली. अक्कांच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, तेवढ्यात एक शहाणपणाचे काम केले. ते म्हणाले, ‘प्रश्नचिन्हासाठी ऑपरेशन कशाला? आधी उत्तर येऊ दे.’ आणि दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले.

त्या उत्तराच्या निमित्ताने मी जे वाचले, विचारले, समजून घेतले, ते आज वाचक भगिनींसमोर मांडते आहे.

गर्भाशयाच्या आतल्या पोकळीला एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते वाढते आणि पाळीबरोबर गळून जाते. त्याच्या बाहेर स्नायूंची जाड भिंत. या दोन थरांची हद्द ठरलेली असते. (हद्दीचा विषय आपल्याला नवा नाही!) अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये अस्तराच्या पेशी ही हद्द ओलांडून स्नायूच्या भिंतीत शिरतात. तिथेही त्या अस्तरासारख्याच वागतात. महिन्याच्या चक्राप्रमाणे फुगतात आणि त्यांच्यातून रक्तही झिरपते, पण बाहेर पडायला वाट नसते. भोवतालचा स्नायू चिडतो, जाड होतो. म्हणून पाळीत जास्त रक्त, गाठी, कळा, ओटीपोटात जडपणा, काही जणींना शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे, काही जणींना दिवस राहायला अडचण. आणि हेही सांगायला हवे की सुमारे एक तृतीयांश स्त्रियांना यातला काहीच त्रास होत नाही. हा कर्करोग नव्हे. पाळी कायमची थांबली की बहुतेकींचा त्रासही थांबतो.

फायब्रॉइड हा शब्द आता खेड्यापाड्यांतही रुळला आहे. दोन्हींतला फरक मी घरात असा सांगते. कणकेच्या गोळ्यात सुपारी अडकली तर ती बोटांनी चाचपता येते, वेगळी काढता येते. ते फायब्रॉइड. त्याच कणकेत तेल मुरले तर ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे दाखवता येत नाही. ते अ‍ॅडेनोमायोसिस. म्हणूनच फायब्रॉइडची गाठ सर्जनला सोलून काढता येते, आणि अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये नुसते तेवढे काढणे फार अवघड असते. नाव चुकले की उपचारही चुकतो, तो असा.

या आजाराचे वर्णन जुने आहे. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ रोकितान्स्की यांनी १८६० मध्ये त्याची नोंद केली असे मानतात. अमेरिकेत बाल्टिमोरच्या थॉमस कलन यांनी १९०८ मध्ये त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. पण तेव्हापासून कित्येक दशके त्याचे निदान एकाच रीतीने व्हायचे. गर्भाशय काढायचे, त्याचे पातळ काप करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. म्हणजे आधी शिक्षा आणि मग आरोपपत्र! जिवंत बाईच्या पोटात असतानाच हा आजार ओळखता येऊ लागला, तो सोनोग्राफीमुळे आणि पुढे एमआरआयमुळे.

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला आठवते ते बाळ, आणि भिंतीवरची ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी. १९९४ च्या कायद्याने ती पाटी सक्तीची झाली हे योग्यच झाले. पण हे यंत्र स्त्रियांसाठी प्रथम वापरले गेले तेव्हा बाळापेक्षा पोटातल्या गाठींचाच विचार अधिक होता. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे प्रा. इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या फायब्रॉइडच्या आणि अंडाशयाच्या गाठी चक्क दोन मोटारींच्या डिकीत भरून एका बॉयलर कारखान्यात नेल्या. तिथे लोखंडातले तडे शोधण्याचे ध्वनियंत्र होते. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडाही पुरवला. आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ज्यांनी काम केले आहे, त्यांना कास्टिंगमधला पोकळ दोष आवाजाच्या लहरींनी कसा पकडतात हे सांगायला नको. तीच युक्ती. १९५८ मध्ये डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात एका बाईची हकिकत आहे. तिला पोटाचा असाध्य कर्करोग आहे असे ठरले होते. यंत्राने दाखवले की ती अंडाशयाची मोठी पाण्याची गाठ आहे. गाठ काढली आणि बाई बरी झाली.

आता आपल्या मुद्द्याकडे. सोनोग्राफी दोन रीतींनी होते आणि हा फरक प्रत्येकीला ठाऊक असला पाहिजे. पहिली पोटावरून. चार-पाच ग्लास पाणी पिऊन, लघवी तुंबवून बसायचे, ते यासाठी की भरलेले मूत्राशय आतड्यांना बाजूला सारते आणि गर्भाशय दिसायला खिडकी मिळते. इथे सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनांच्या लहरी वापरतात. त्या खोल जातात, पण बारकावा कमी दाखवतात. दुसरी योनिमार्गातून. बोटाएवढ्या जाडीचा प्रोब, त्यावर स्वच्छ आवरण आणि जेली. यात लघवी करून यायचे असते. प्रोब गर्भाशयाच्या अगदी जवळ पोचत असल्याने सेकंदाला ५० ते ९० लाख कंपनांच्या लहरी वापरता येतात. त्या खोल जात नाहीत, पण बारीक तपशील दाखवतात. लांबच्या डोंगराचा फोटो आणि हातातल्या पानाचा फोटो यांत जो फरक, तोच इथे. अ‍ॅडेनोमायोसिसचा संशय असेल तर पोटावरून केलेल्या तपासणीवर थांबणे बरोबर नाही, असे मला समजून घेतल्यावर स्पष्ट वाटते.

लाज वाटते हे खरे. आमच्या अक्काही आधी ‘बेडा, बेडा’ म्हणत होत्या. पण तपासणाऱ्या रेडिओलॉजिस्ट बाईच होत्या. त्या म्हणाल्या, ‘अवसर इल्लरी अक्का, सावकाश. दुखलं तर लगेच सांगा, मी थांबते.’ दाब जाणवतो, फार दुखत नाही, असे अक्कांनीच नंतर आम्हा सगळ्यांना सांगितले. सोबत परिचारिका किंवा घरची बाई असावी असे मागण्याचा आपल्याला हक्क आहे. ज्या मुलींचा शरीरसंबंध आलेला नाही त्यांच्यासाठी ही रीत नाही. त्यांची पोटावरून तपासणी करतात, आणि गरज असेल तर एमआरआय.

अक्कांची पहिली सोनोग्राफी चार-पाच मिनिटांत आटोपली होती. ही वीस-पंचवीस मिनिटे चालली. त्या बाई काय शोधत होत्या ते मी नंतर विचारून घेतले, आणि सांगायला उत्सुक अशा त्या होत्याही. (चांगला डॉक्टर आणि चांगला शिक्षक यांत फार अंतर नसते.)

आधी गर्भाशयाचा आकार. निरोगी गर्भाशय उलट्या नासपतीसारखे असते. या आजारात ते चेंडूसारखे गोल होऊ लागते. मग पुढच्या आणि मागच्या भिंतीची जाडी. अक्कांची मागची भिंत पुढचीपेक्षा ठळकपणे जाड होती. मात्र गर्भाशयाचा स्नायू मधूनच आवळतो, तेव्हाही भिंत काही वेळ जाड दिसते. म्हणून जाणकार डॉक्टर थोडे थांबून पुन्हा पाहतो. घाईच्या तपासणीत हेच निसटते.

मग भिंतीचा पोत. खरवसाची वडी, कन्नडात गिण्णु, कापली की आत बारीक जाळी दिसते ना? स्नायूच्या भिंतीत तशा छोट्या काळ्या पोकळ्या दिसल्या, तर ती अस्तराच्या शिरलेल्या पेशींची घरे असतात. कुठे पांढरट बेटे दिसतात, कुठे अस्तरापासून भिंतीत घुसणाऱ्या पांढऱ्या रेघा आणि कोंब. या तीन खुणा म्हणजे खुद्द आरोपीच सापडल्यासारखे. बाकीच्या खुणा त्याने केलेल्या उपद्रवाच्या. बांबूच्या चटईतून ऊन आले की पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या पडतात, तशा पंख्यासारख्या पसरलेल्या सावल्या पडद्यावर दिसतात. अस्तर आणि स्नायू यांच्या हद्दीवर एक बारीक गडद रेषा असते. तिला ‘जंक्शनल झोन’ म्हणतात. ती वाकडीतिकडी झालेली किंवा मध्येच तुटलेली दिसते.

त्यानंतर त्यांनी कलर डॉप्लर लावले. त्यात वाहते रक्त रंगीत दिसते. फायब्रॉइडच्या भोवती रक्तवाहिन्या कडे घातल्यासारख्या फिरतात, कारण गाठ त्यांना बाजूला ढकलते. अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये त्या दुखऱ्या भागातून सरळ आरपार जातात. अक्कांच्या पडद्यावर कडे नव्हतेच. पहिल्या रिपोर्टातले ‘फायब्रॉइड?’ तिथेच गळून पडले. शेवटी त्यांनी प्रोबने गर्भाशय हलकेच ढकलून ते आतड्यावरून सहज सरकते का, हेही पाहिले. कारण अ‍ॅडेनोमायोसिसबरोबर एंडोमेट्रिओसिस असेल, तर आतले अवयव एकमेकांना चिकटून बसतात आणि सरकत नाहीत.

या खुणांना काय म्हणायचे आणि त्या कशा नोंदवायच्या, यावर जगभरच्या तज्ज्ञांच्या गटाने २०१५ मध्ये एक समान पद्धत मांडली. तिला ‘मूसा’ म्हणतात. २०२२ मध्ये तिच्यात सुधारणा होऊन खुणांची थेट आणि अप्रत्यक्ष अशी विभागणी झाली. भाषेच्या माणसाला हे फार पटते. एकाने ‘बल्की’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘हेटरोजीनियस’, तिसऱ्याने काहीच नाही, असे चालले तर रोग तोच राहतो आणि रिपोर्ट तीन होतात.

त्रिमितीय सोनोग्राफीही आता अनेक ठिकाणी आहे. तिच्यात गर्भाशय समोरून कापल्यासारखे दिसते आणि ती हद्दीची रेषा अधिक स्पष्ट होते. एमआरआयचा खर्च कितीतरी जास्त. मोठे फायब्रॉइडही बरोबर असतील, चित्र धूसर असेल किंवा गर्भाशय राखून शस्त्रक्रिया करायची असेल, तर तो उपयोगी पडतो. सरसकट प्रत्येकीला त्याची गरज नाही. अनुभवी हातांनी योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी त्याच्या फार मागे नाही. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या पडताळणीत आजार असलेल्या स्त्रियांपैकी सोनोग्राफीने सुमारे ७२ टक्के आणि एमआरआयने सुमारे ७७ टक्के ओळखल्या होत्या. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. दोन्हींतून काही जणी निसटतात. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणजे बाईचे दुखणे खोटे ठरत नाही. आपल्या घरांत नेमके हेच म्हटले जाते, ‘रिपोर्टात काही नाही, मग कसलं दुखतंय?’

एक गोष्ट सोनोग्राफीवर सोडू नये. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, किंवा पंचेचाळिशीच्या पुढे रक्तस्राव अनियमित झाला, तर अस्तराचा नमुना घेऊन तपासावा लागतो. अक्कांचाही तो घेतला होता आणि चांगला आला.

निदान झाल्यावर पुढे काय? अक्कांना लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गर्भाशयात हार्मोन सोडणारी तांबीसारखी एक वस्तू बसवली. तिच्यात तांबे नसते, लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे औषध असते आणि ते कंपनीप्रमाणे पाच ते आठ वर्षे झिरपत राहते. पहिले तीन महिने अधूनमधून डाग लागत राहिले तेव्हा घरात सगळ्यांनी तिला नावे ठेवली. चौथ्या महिन्यापासून पाळी अगदी कमी झाली, आणि वर्षभरात हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले. याच आजारावर डायनोजेस्टसारख्या गोळ्या आहेत, पाळीपुरते रक्त आणि दुखणे कमी करणारी औषधे आहेत. पण हे उपाय सगळ्यांना लागू पडतातच असे नाही. माझ्या एका सहकारी मैत्रिणीला तीच वस्तू मानवली नाही, गोळ्यांनीही भागले नाही. तिने ४६ व्या वर्षी विचार करून गर्भाशय काढून घेतले आणि ती आज समाधानी आहे. गर्भाशय काढणे वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ते विचार न करता काढणे वाईट.

आणि ते काढले जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत अशा तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या लंबाणी तांड्यांवरही असाच प्रश्न त्याआधी काही वर्षे उभा राहिला होता. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३.३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते, आणि आंध्र व तेलंगणात हे प्रमाण सर्वांत जास्त होते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. ऊस आपल्या बेळगाव, चिक्कोडी, निपाणीकडेही आहे, आणि ऊसतोडीच्या टोळ्याही इकडे येतात. त्यांच्यापैकी किती जणींना कधी नीट, वेळ देऊन केलेली सोनोग्राफी मिळाली असेल?

ऑपरेशनचे ठरलेच, तर अंडाशयेही काढणार का, हे आधीच विचारून घ्यावे. नुसते गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण अंडाशयातून शरीराला मिळणारे हार्मोन चालू राहतात. कमी वयात अंडाशयेही गेली, तर एकदम पाळी गेल्याची अवस्था येते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत हा सगळा फरक बुडून जातो.

कोणी मिरजेला जाते, कोणी बेळगावात, कोणी हुबळीला. कुठेही जा, जाताना मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून कागदावर उतरवून न्या. किती दिवस गेले, दिवसाला किती पॅड लागले, गाठी पडल्या का, कोणत्या दिवशी कामावर किंवा शेतात जाता आले नाही, हे त्यात असू द्या. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर तेही लिहा, कारण त्यांनी पडद्यावरचे चित्र बदलते. जुन्या सिझेरियनची किंवा क्युरेटिंगची वर्षे लिहा. आणि रिपोर्ट हातात आला की त्यात गर्भाशयाची तिन्ही मापे, दोन्ही भिंतींची जाडी आणि ‘बल्की’च्या पुढे काही कारण लिहिले आहे का, ते पाहा. नसेल, तर तिथेच विचारा, मराठीत किंवा कन्नडात.